बघण्यासारखे काही नाही, म्हणे!

परदेशवारी करून परतलेल्या आपल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते. "बोट तिथे सहा-सात तास थांबली, पण गावात बघण्यासारखे काही नाही हो!" पनामा कालव्याची क्रूझ करून आलेल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून कोस्टा रिकातल्या लिमोन बंदराविषयी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा समाचार घेणे भाग आहे. हे वाक्य त्या गावावर अन्याय करणारे आहे, आणि आम्हा गोवेकरांच्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही.

आधी हे मत तयार कसे होते ते पाहा. लिमोनला बोट लागते ती गावाला खेटून. धक्क्यावरून उतरून थोडे चालले की वर्गास पार्क, तिथून पुढे बाजार. पण प्रवाशाच्या हातात आदल्या रात्रीच सहलींचा कागद पडलेला असतो. कालव्यातली होडीची सफर, रानातली झिपलाईन, केळीचा मळा, स्लॉथ नावाचा तो संथ प्राणी. सकाळी वातानुकूलित बसगाड्या धक्क्यावर तयार! गाव दिसते ते बसच्या काचेतून, तेही जाताना दहा मिनिटे आणि येताना दहा मिनिटे. सहलीचे पैसे बोटीवर भरलेले, जेवण बोटीवर ठरलेले. मग गावातल्या खाणावळवाल्याच्या गल्ल्यात काय पडणार? आणि वर शेरा मारायचा, काही नाही म्हणून! स्लॉथ पाहू नये असे माझे म्हणणे नाही. (तो वर्गास पार्कातल्या झाडांवरही दिसतो, फुकट.) पण जे गाव पाहिलेच नाही त्यावर निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मी त्या गावात चार तास पायी फिरलो. राजवाडा, किल्ला, कॅथेड्रलची रांग असले काही तिथे नाही, हे खरे. पण एखादे गाव जग कसे घडले हे सांगत असेल, तर आणखी काय बघायचे असते?

समोरच्या समुद्रात उविता नावाचे लहानसे बेट दिसते. कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत, १५०२ साली, इथे थांबला होता. पण आजचे लिमोन घडले ते रेल्वेमुळे. मधल्या डोंगराळ भागातली कॉफी युरोपला पाठवायला अटलांटिकच्या बाजूचे बंदर हवे होते. म्हणून १८७१ साली सान होसेपर्यंतच्या लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि ते १८९० साली पुरे झाले. पाऊस, दलदल, मलेरिया, पिवळा ताप यांनी हजारो मजूर खाल्ले. जमैकातून काळे मजूर आणले, चीनमधून माणसे आणली, इटलीहूनही आणली. मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदाराने रेल्वेच्या बाजूने केळी लावली. १८८४ च्या करारात त्याला आठ लाख एकर जमीन आणि रेल्वेचा नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा मिळाला! त्यातूनच पुढे १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. मध्य अमेरिकेतली सरकारे बनवणारी आणि पाडणारी ती हीच कंपनी. आज जगभर स्वस्तात मिळणाऱ्या केळ्याच्या धंद्याची मुळे अशा बंदरांत आहेत. हे 'काही नाही'?

मार्कस गार्वी हे नाव काळ्यांच्या चळवळीत किती मोठे! तो १९१०-११ च्या सुमारास याच लिमोनमध्ये कंपनीच्या मळ्यावर मजुरांच्या कामाचे तास मांडणारा कारकून होता. मजुरांचे हाल त्याने तिथे जवळून पाहिले. पुढे त्याच्या संघटनेची ब्लॅक स्टार लाईन ही इमारत १९२२ साली गावात उभी राहिली. ती लाकडी वास्तू २०१६ च्या आगीत जळून गेली. काळ्या लोकांनी स्वतःची जहाजे काढायचे स्वप्न जिच्या नावात होते, त्या इमारतीच्या गावावरून आमच्या क्रूझ बोटी जातात आणि आतल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नसतो.

"पण गाव कळकट आहे, गरीब आहे." हो, आहे. का आहे तेही विचारा ना! केळीवर रोग पडला, जमिनी निकामी झाल्या, तेव्हा कंपनीने मळे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हलवले. आणि १९३४ च्या कायद्याने तिथल्या मळ्यांत काळ्या मजुरांना कामावर घ्यायला बंदी घातली. म्हणजे काम निघून गेले आणि माणसे मागे ठेवली. इथेच जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व सहज मिळत नव्हते, ते दार उघडले १९४८-४९ च्या उलथापालथीनंतर. मग २२ एप्रिल १९९१ चा भूकंप आला. किनारा काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत वर उचलला गेला, समुद्रातली प्रवाळे उघडी पडली, रेल्वेचे कंबरडे मोडले. २०१९ साली शेजारी मोइनला नवे कंटेनर टर्मिनल सुरू झाले आणि जुन्या गोदीतली कितीतरी कामे गेली. ज्या गावाने देशाची कॉफी आणि केळी दीडशे वर्षे बाहेर पाठवली, त्याच्या वाट्याला हे आले. त्याचा कळकटपणा हा त्याचा दोष म्हणून दाखवणे म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या घट्ट्यांना नावे ठेवणे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मी थट्टेवारी नेणार नाही. अमली पदार्थांच्या वाहतुकीमुळे लिमोन प्रांतात खुनांचे प्रमाण देशात वरचढ राहिले आहे, हे उघड सत्य आहे. दागिने घालून रात्री अनोळखी गल्लीत शिरा असे कोण सांगेल? पण बोट थांबते दिवसा. बाजार, पार्क, समुद्रकाठचा बांध इथे शाळेची मुले, म्हातारी माणसे, भाजीवाल्या बायका आपापल्या कामात असतात. सावधपणा वेगळा आणि साठ हजारांहून जास्त माणसांच्या गावाला सरसकट चोर ठरवणे वेगळे.

त्या दिवशी मला बाजाराची वाट दाखवली ती बोटीवरच्या सासष्टीच्या एका मुलाने. जेवणघरात वाढपी होता. बोट बंदराला लागली की यांना जेमतेम दोन-तीन तासांची मोकळीक. तो म्हणाला, "बाब, हांगा आमचें रांदप मेळटा!" आणि खरेच! नारळाच्या रसात शिजवलेला तांदूळ आणि घेवड्याचे लाल दाणे, याला तिथे 'राइस अँड बीन्स' असेच इंग्रजी नाव. नारळाच्या रसातलीच 'रोंदोन' नावाची माशांची आमटी. 'पाती' नावाची झणझणीत मांस भरलेली करंजी. आणि आजूबाजूला स्पॅनिशच्या जोडीला मेकाटेल्यू, म्हणजे जमैकाहून आलेल्या आजे-पणज्यांची इंग्रजी वळणाची बोली. बघण्यासारखे काही नाही म्हणणारे वरच्या डेकवर सातव्यांदा पास्ता खात होते तेव्हा त्यांचे ताट उचलणाऱ्या मुलाला हे गाव ठाऊक होते. कारण तो तिथे गिऱ्हाईक म्हणून गेला होता, परीक्षक म्हणून नव्हे.

आता आपल्याकडे या. मुरगावला क्रूझ बोटी लागतात. प्रवाशांना बसमध्ये घालून जुने गोवे, मंगेशी आणि मसाल्याची बाग दाखवतात. वास्को शहर? तिथे म्हणे बघण्यासारखे काही नाही! आमची ही रेल्वेही १८८० च्या दशकात ब्रिटिश कंपनीने बांधली ती बंदरापर्यंत माल पोचवायला. याच बंदरातून दशकानुदशके लोहखनिज गेले, २०१२ साली खाण बंद पडल्यावर हजारो घरांचे धाबे दणाणले, आणि कोळशाची धूळ अजून वास्कोच्या खिडक्यांवर बसते. ही गोष्ट कुठल्या सहलीच्या कागदावर आहे? गोवा म्हणजे दारू आणि समुद्र असे कोणी म्हटले की आमची तळपायाची आग मस्तकाला जाते. आमच्याकडे देवळे आहेत, भजनी सप्ताह आहेत, नाटके आहेत, असे आम्ही तावातावाने सांगतो. बरोबरच आहे! मग तोच आम्ही लिमोनला उतरताच दिल्लीहून कळंगुटला आलेल्या पर्यटकासारखे का वागतो?

आपल्या प्रवासवर्णनांचाही यात हातभार आहे. बोटीवरच्या न्याहारीला तीन परिच्छेद, केबिनच्या गालिच्याला एक, आणि बंदराला अर्धी ओळ. तीही तुच्छतेची. असे लेखन वाचून पुढचा प्रवासी तेच डोळे घेऊन निघतो.

तेव्हा कोणी त्या बाजूला निघाले असेल तर एवढे करा. सहल घ्यायची तर घ्या, पण दोन तास गावासाठी राखा. बाजारातल्या बाकावर बसून जेवा, पैसे तिथेच द्या, दुकानदाराला विचारा की त्याचे आजे-पणजे कुठून आले. रेल्वेचे नाव काढा आणि मग ऐका. एवढे करूनही गाव आवडले नाही तर खुशाल तसे लिहा, मी भांडणार नाही. पण बसच्या काचेतून वीस मिनिटे पाहून 'काही नाही' म्हणणार असाल, तर उद्या कोणी वास्कोविषयी तेच म्हणेल तेव्हा तोंड मिटून बसायची तयारी ठेवा.