आठवत नाही, की विचारता येत नाही?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा लहान मुलांचा आजार आहे असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. वास्तविक तो आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतले ते वेगळेपण आहे आणि ते जन्मभर राहते. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ज्या अकरा मुलांचे वर्णन केले, तीही पुढे मोठी झालीच. अशा मोठ्या माणसांच्या एका अडचणीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगण्याची.

आपण कोणत्या शाळेत शिकलो, ही झाली माहितीची आठवण. शाळेच्या पहिल्या दिवशी पोचवायला कोण आले होते, आपण रडलो का, ही झाली प्रसंगाची आठवण. स्मृतीतला हा फरक मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये मांडला. स्वमग्न प्रौढांच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की स्वतःविषयीची माहिती त्यांना बहुधा चांगली आठवते. नेमका प्रसंग सांगायला मात्र वेळ लागतो व तपशील कमी येतात. अर्थात सर्वांचे असे नसते. स्वतः स्वमग्न असलेल्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन यांना तर सारे चित्रासारखे दिसते.

‘मी कोण’ हे आपण बहुतेकजण आठवणींच्या गोष्टी सांगून सांगतो. ज्याला तशी गोष्ट सांगता येत नाही, त्याला स्वत्वच नाही असे लोक ठरवून टाकतात. मला हे साफ चुकीचे वाटते. आपल्याला काय आवडते, काय सोसत नाही, कोणते काम जमते, हे तो माणूस नेमके जाणून असतो.

हा गैरसमज महागात पडतो. दवाखान्यात ‘काय होतंय?’ या प्रश्नावर तो गप्प बसतो आणि दुखणे अंगावर राहते. मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की नोकरी हुकते. पोलिस ठाण्यात तर गप्प राहणारा माणूस लपवाछपवी करतो असेच धरले जाते.

यावर उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लंडनचे मानसशास्त्रज्ञ डर्मट बाउलर व त्यांचे सहकारी यांनी दाखवले आहे, की आठवताना खुणेचा आधार मिळाला तर स्वमग्न व्यक्तींना पुष्कळ अधिक आठवते. म्हणून प्रश्न लहान आणि नेमके करावेत. ‘दुखणे कधी सुरू झाले? जेवणाआधी की नंतर? कोठे, बोट ठेवून दाखवा.’ उत्तरासाठी थांबावे. लिहून देतो म्हणाला तर लिहू द्यावे. घरच्यांनी तारखेनिशी वही ठेवण्याची, फोटो जपण्याची सवय लावावी. मात्र उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. नाहीतर मदतीच्या नावाखाली आपलीच गोष्ट त्याच्या नावावर चढते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिला सोयीच्या भाषेत व पद्धतीने नोंदवण्याची सोय शासनाने करावी असेही त्यात म्हटले आहे. जे साक्षीला लागू, ते दवाखान्याला आणि मुलाखतीलाही लागू व्हावे असे माझे मत आहे. समोरचा गप्प राहिला, तर आधी आपला प्रश्न बदलून पाहावा.