अंगण आखून देण्याचा धंदा

शेतकीचे शिक्षण घेतलेली आमची जुनी मुले विचारतात, "सर, भामरागडात बागा आखून द्यायचा धंदा चालेल का, की नागपूरच गाठावे?" आम्ही म्हणतो, चालेल, पण नागपूरची हिरवळ इथे अंथरली तर नाही.

इथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम. पूर आला की आलापल्लीचा रस्ता बंद. म्हणून आधी एक पावसाळा पाणी पाहा: कुठून येते, कुठे साचते. उतारावर चर आणि बांबू, सखल जागी जांभूळ, कोरड्या जागी सीताफळ. रोपे इथल्याच बियांची करा. रस्ता तुटला तरी काम अडत नाही.

१९७३ साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. तुम्हीही गावच्या म्हाताऱ्यांना विचारा. कोणते झाड कुठे जगते, हे त्यांना ठाऊक असते.

आणि हिशेब? दरातच तीन वर्षांची निगा धरा, मेलेले रोप बदलून देऊ असे लेखी द्या. मुलांनो, पुढचे गिऱ्हाईक लावलेले झाड मोजत नाही, जगलेले मोजते.