निवडुंग विकत घेण्याआधी बी पेरा

चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाऊस नावापुरताच पडतो. तिथला कोपिआपोआ हा निवडुंग समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या आधाराने तग धरतो आणि फार संथ वाढतो. 2020 मध्ये इटलीच्या पोलिसांनी चोरून आणलेले असे हजाराच्या आसपास निवडुंग जप्त केले. पुढच्या वर्षी त्यांतले आठशेहून अधिक चिलीला परत गेले. ही चोरी होते, कारण काही संग्राहकांना रानात उन्हाने रापलेले जुने झाडच हवे असते. जगातल्या निवडुंगांच्या 31 टक्के जाती धोक्यात असल्याचे 2015 च्या जागतिक पाहणीत दिसले. म्हणून हौशी माणसाने आयते मोठे झाड शोधण्यापेक्षा बी पेरावे, असे माझे ठाम मत आहे.

वेळ फार लागतो, हा आक्षेप खराच. पण अॅस्ट्रोफायटम या निवडुंगाचे बी ओलसर बारीक खडीवर पसरून कुंडी झाकली, तर साधारण आठवडाभरात मोहरीएवढे हिरवे मणी वर येतात. पहिला काटा फुटताना पाहण्याचे सुख आयत्या झाडात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: रानातले बी गोळा करणे हीसुद्धा लूटच नाही का? बेसुमार केले तर आहेच. पण कुंडीतली दोन झाडे एकाच वेळी फुलली, की मऊ ब्रशने परागकण इकडचे तिकडे लावता येतात आणि एकेका फळात डझनांनी बिया मिळतात. रानाला हात लावावाच लागत नाही. झाड घ्यायचेच असेल, तर ते बियांपासून वाढवले आहे का, हे नर्सरीवाल्याला विचारा. नीट उत्तर मिळाले नाही, तर ते घेऊ नका.