जागा जाहिरातीत नव्हे, आकृतिबंधात ठरतात

नोकरभरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांत, अभ्यासिकांत एकच धांदल उडते. जागा किती, त्यात आपल्या किती, वयाची अट काय? पण जाहिरात हा शेवटचा कागद आहे. किती माणसे लागतील, कोणत्या पदावर लागतील, ती कायम असतील की कंत्राटी, हे त्याच्या कितीतरी आधी आकृतिबंधात ठरलेले असते. तो ठरतो तेव्हा आपल्या संघटना कुठे असतात?

वास्तविक सरकारी खात्याला मनुष्यबळाचे नियोजन मुळीच अवघड नाही. सेवापुस्तकात प्रत्येकाची जन्मतारीख असते. राज्य शासनाचा लिपिक ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, हे तो रुजू होतो त्याच दिवशी ठाऊक असते. निवृत्ती म्हणजे काही भूकंप नव्हे! तरीही मागणीपत्र वेळेवर जात नाही, पदे रिकामी राहतात. मग कामाचा ताण पुढे करून कंत्राटदार आणला जातो आणि पुढच्या आढाव्यात तेच रिकामे पद अनावश्यक ठरवून रद्द करता येते. पद गेले की बिंदू गेला, आणि बिंदूबरोबर अनुशेषही. कंत्राटदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली लागत नाही.

६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी केली होती. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. हे यश मोठेच. पण कंत्राटीकरण त्या निर्णयाने सुरू झाले नव्हते आणि तो रद्द झाल्याने थांबलेलेही नाही.

मोजणीतली मेख किती खोल असते, हे विद्यापीठांत दिसले. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदे मोजण्यासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितले. तेरा बिंदूंच्या त्या रोस्टरमध्ये चौथे पद ओबीसींना, सातवे अनुसूचित जातीला आणि अनुसूचित जमातीची पाळी थेट चौदाव्या पदावर! आता तीन प्राध्यापकांच्या पाली विभागात सातवे पद कधी यायचे? टक्केवारीला कोणी हातही लावला नव्हता, फक्त एकक बदलले होते. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, पुढे कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत संपूर्ण संस्था हेच एकक ठरले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्रीय नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. टक्केवारी ही कशाची तरी टक्केवारी असते. मूळ पदेच आटली तर तेरा टक्के घेऊन करायचे काय?

म्हणून कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेटाने एक काम हाती घ्यावे. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. आपल्या कार्यालयातली मंजूर पदे, भरलेली पदे, येत्या पाच वर्षांतल्या निवृत्त्या आणि कंत्राटी माणसांची संख्या अर्ज करून मागवावी. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासून घेतली, ती तारीखही मागावी. अर्जाची फी दहा रुपये आहे.