नदी बघायला लांब कशाला जायचे?

सुट्टीचे दोन दिवस मिळाले की जरा नदीवर, जंगलात जाऊन यावे, असे आमच्याकडे फारसे कुणी म्हणत नाही. सुट्टी म्हणजे कुणाचे लग्न, कुणाची मयत, नाहीतर नागपूरचा दवाखाना. मोहल्ल्यातल्या कष्टकरी घरात सहल हा शब्द शाळेबरोबरच संपतो. पुरुष मंडळी वर्षातून एखादे वेळी तलावाच्या काठी देग चढवून येतात. बायकांच्या वाट्याला परत आलेली भांडी तेवढी येतात. नदी, झाडे, मोकळे आकाश बघणे ही शिकलेल्या, गाडीवाल्या लोकांची चैन आहे, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत मला मान्य नाही.

हल्ली ईद वसंतात येते. पऱ्हाटीची वावरे मोकळी झालेली असतात, पळस पेटलेला असतो, मोहाची फुले टपटपत असतात. यंदा ईदनंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही घरातली आठ माणसे पांढरकवड्याच्या आसपासच फिरलो. आठांत पाच बायका होत्या. पासष्टी ओलांडलेली फुफू या तालुक्यात जन्मली, इथेच नांदली, पण पैनगंगेच्या काठावर ती पहिल्यांदाच बसली. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे हैदराबादच्या रस्त्याला लागले की नदी येतेच. ज्या बाईने सगळे आयुष्य नदीपासून इतक्या जवळ काढले, तिला नदी बघायला एवढी वर्षे लागावीत, यात दोष नदीच्या अंतराचा खचितच नाही.

वसंतातली पैनगंगा पावसाळ्यासारखी अंगावर येत नाही. वाळू उघडी पडते, पाणी डोहाडोहांत थांबते, खडकांवर बगळे दिसतात. पलीकडचा काठ तेलंगणातल्या आदिलाबादचा. सरकारी नकाशात इथे राज्य संपते, पण माणसांचे बोलणे संपत नाही. या पट्ट्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि आमची दखनी एकाच बाजारात ऐकू येतात. नदी हद्द दाखवते तशीच माणसे जोडते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा काठावर बसून लवकर कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुन्ना गेटमधून टिपेश्वर अभयारण्यात गेलो. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. वाघासारख्या जनावराला ही जागा अपुरी पडते. म्हणूनच २०१९ मध्ये इथला एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बाहेर पडला आणि शेते, रस्ते, नाले ओलांडत काही महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आम्हाला वाघ दिसला नाही. मोर, चितळ आणि रोही दिसले, आणि मुलांना तेवढ्याने पोटभर झाले.

पण जंगल बघून नुसते खूश होऊन परतावे, असा हा मुलूख नाही. याच पांढरकवडा वनविभागात, राळेगाव तालुक्यात, टी-१ म्हणजे अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालण्यात आली. सुमारे दोन वर्षांत १३ माणसांचे बळी तिच्या नावावर धरले जात होते. ती मेली तेव्हा गावांत फटाके फुटले, मोठ्या शहरांत निषेधाच्या मेणबत्त्या पेटल्या. दोन्हीकडची माणसे खरीच होती. फरक एवढाच की मेणबत्तीवाल्याला रात्री वावरात जागलीला जायचे नव्हते. रानडुक्कर आणि रोही पीक खातात म्हणून शेतकरी रात्रभर मचाणावर बसतो. पोडावरची कोलाम बाई पहाटेच मोह वेचायला निघते, कारण ऊन चढले की फुले वाळतात. आपण पैसे देऊन ज्या जनावराची वाट बघतो, ते दिसू नये म्हणून ती दुआ करते.

याचा अर्थ वाघ नको असा मी काढत नाही. वाघ गेला की जंगल राखायचे कारण जाईल, आणि जंगल गेले की नाले आटतील. माझे म्हणणे असे की जंगलाचा आनंद घेणाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याची बाजू घेतली पाहिजे. पिकाची आणि गुरांची भरपाई वेळेत मिळणे, वावराला कुंपण होणे, जंगलकाठच्या पोरांना गाइडचे काम मिळणे, या मागण्या गावाच्या आहेत तशा पर्यटकाच्याही असल्या पाहिजेत. तिथे गेलो तर निदान जेवण गावातल्या घरी सांगावे, चार पैसे तिथे ठेवून यावे.

आता आपल्या दाराची गोष्ट. पांढरकवडा ज्या नदीकाठी वसला, ती खुनी नदी. याच नदीवर सायखेड्याचे धरण आहे. तिचे पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीतून समुद्राला जाते. म्हणजे आपण पुलावरून जी पिशवी खाली टाकतो, तिचा प्रवास आपल्यापेक्षा मोठा असतो. जेवणावळीनंतर काठावर उरणाऱ्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास कुठल्या एका जमातीचे नसतात. त्यात आमच्या देगेचेही असतात. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी वजूला पाणी जपून वापरा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. वजूचे पाणी जपायचे आणि नदीच घाण करायची, हा हिशेब मला तरी जुळवता येत नाही.

म्हणून दोस्तांनो, महाबळेश्वर, काश्मीर राहू द्या. ईदनंतरचा एक रविवार आपल्या नदीसाठी ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना, सुनांना, मुलींना बरोबर घ्या. डबे घरून न्या, म्हणजे तिथे चूल फुंकायचे काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडणार नाही. निघताना आपला कचरा तर उचलाच, शिवाय एक पोते दुसऱ्याचाही उचला. शेजारच्या मराठा, तेली, आदिवासी घरांनाही हाक द्या. ज्या मुलीने नदी डोळ्यांनी पाहिली आहे, ती उद्या नदीच्या बाजूने बोलेल. जिने पाहिलीच नाही, तिने कशासाठी भांडावे?