आधी मोजा, मग माणूस उतरवा
वेंगुर्ले तालुक्यातील बर्फ कारखाने, मासळी बंदर, सेप्टिक टाक्या व विहिरींवरील कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. तहसीलदार, वेंगुर्ले, मा. मुख्याधिकारी, वेंगुर्ले नगर परिषद, मा. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, सिंधुदुर्ग, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, तसेच तालुक्यातील बर्फ कारखानदार, नौकामालक आणि ठेकेदार यांस

विषय: बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यापूर्वी वायू मोजण्याची यंत्रे, श्वसनयंत्रे व सुटकेची साधने उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

वायूचा अपघात म्हटला की लोकांना लोटे-परशुराम आठवते, तारापूर आठवते, भोपाळ तर आठवतेच. वेंगुर्ल्यात तसले रासायनिक कारखाने नाहीत, म्हणून आपल्याला धोका नाही, असे बोलले जाते आणि कागदोपत्रीही तसेच गृहीत धरले जाते. आमचा रोजचा अनुभव वेगळा आहे. बर्फ कारखान्याच्या नळांतून अमोनिया फिरतो. नौकेतील मासळीच्या खणात राहिलेली बारीक मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि कुजण्याची क्रिया खणातला ऑक्सिजनही खाऊन टाकते. पर्यटन वाढले तशा लॉजांच्या आणि घरगुती निवासांच्या सेप्टिक टाक्या वाढल्या. उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला माणूस लागतो. या प्रत्येक ठिकाणी उतरणारा माणूस आमच्यातला असतो आणि बहुतेक वेळा त्याच्याजवळ एक दोरी आणि एक बादली, एवढेच असते.

एप्रिल 2022 मध्ये मंगळूरजवळच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात टाकाऊ मासळीच्या टाकीत पाच कामगार दगावले. पहिला आत कोसळला आणि त्याला काढायला बाकीचे उतरले. मार्च 2024 मध्ये मुंबईच्या ससून डॉकला बोटीच्या मासळीच्या खणात गुदमरून दोघांचा जीव गेला. परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे 2023 मध्ये सेप्टिक टाकीने पाच माणसे नेली. मार्च 2025 मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकामाखालच्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चौघे गेले. तिथे ना रसायन होते, ना मैला. यातली एकही जागा मोठा रासायनिक कारखाना नव्हती. वेंगुर्ल्यात अशी नोंद होण्याची वाट पाहून मग यंत्रे घ्यायची, हे आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 सालीच नोंदवून ठेवले आहे की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात. भाऊ आत पडलेला दिसत असताना वर उभे राहायला सांगणे फार कठीण आहे. म्हणून जो काही बंदोबस्त करायचा तो पहिला माणूस उतरण्याआधी झाला पाहिजे.

आमच्यातले जुने लोक म्हणतात, "इतकी वर्सा उतरतव, कदी काय झाला नाय." त्यांच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. पण या कामात अनुभव नेमका कुठे फसवतो ते सांगितले पाहिजे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, तो अगदी थोड्या प्रमाणात. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास हा वायू गेला की नाकाची जाणीव बधिर होते आणि वास गेला, म्हणजे हवा शुद्ध झाली, असे वाटते. पाचशेच्या पुढे माणूस बेशुद्ध पडतो आणि हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत कोसळतो. विहिरीत कंदील सोडून बघण्याची रीतही अर्धीच उपयोगाची आहे. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे, एवढे कळते. ज्योत साधारण सोळा टक्क्यांपर्यंत तग धरते. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो आणि 19.5 च्या खाली उतरू नये असा नियम आहे. म्हणजे कंदील जळतो आहे तोवर माणसाचे डोके काम करेनासे झालेले असू शकते. विषारी वायूची खबर कंदील देत नाही आणि टाकीत मिथेन असेल तर तोच कंदील भडका उडवतो. विहिरीत पाणी उपसायला डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन उतरवले, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीतच साचतो. त्याला वासच नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी हातात मावणाऱ्या वायुमापक यंत्राची आहे. ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड अशा चार गोष्टी ही यंत्रे एकदम मोजतात आणि धोक्याच्या पातळीला शिटी, दिवा आणि कंप या तिन्ही मार्गांनी इशारा देतात. एखाद्या महागड्या मोबाइल फोनच्या किमतीत असे यंत्र मिळते. एकेका लहान नौकामालकाला ते घ्यायला लावा, असे आम्ही म्हणत नाही. बंदरावर दोन, नगर परिषदेत एक आणि शिरोडा भागासाठी एक, अशी यंत्रे ठेवावीत आणि ज्याला खण, टाकी किंवा विहीर उघडायची त्याने ती नोंद करून न्यावीत. सोबत हवा ओढून घेणारा पंप आणि लांब नळी हवीच. नळी नसेल तर मोजणाऱ्यालाच आत डोके घालावे लागते आणि यंत्राचा हेतूच बुडतो. नळी वर, मध्यावर आणि तळाशी अशा तिन्ही उंचींवर धरून मोजावे, कारण मिथेन वर जमतो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाला राहतो. माणूस आत असेपर्यंत यंत्र त्याच्या छातीशी अडकवलेले असावे. चिखल ढवळला की अडकलेला वायू मोकळा होतो आणि सकाळी बरी असलेली हवा अर्ध्या तासात बिघडते.

यंत्र घेऊन कपाटात ठेवले तर ते नसल्यासारखेच. खाऱ्या दमट हवेत संवेदक लवकर खराब होतात आणि चांगले राहिले तरी त्यांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते. वापरण्याआधी दर वेळी चाचणी वायूचा फवारा देऊन यंत्र बोलते की नाही ते पाहणे, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ते नव्याने जुळवून घेणे आणि दोन्हींची तारखेसह नोंद ठेवणे, ही जबाबदारी नेमून दिलेल्या एका माणसाची असावी. ती नोंदवही कामगाराने मागितली तर दाखवली पाहिजे.

बर्फ कारखान्यांचा प्रश्न वेगळा आहे. नेहमीचे चार वायूंचे यंत्र अमोनिया मोजत नाही, हे अनेक मालकांना ठाऊक नाही. तिथे अमोनियासाठी वेगळा संवेदक लागतो आणि कंप्रेसरच्या खोलीत तो कायम बसवलेला असावा. अमोनियाचा वास लगेच कळतो, मग यंत्र कशाला, असे विचारले जाते. सततच्या वासाला नाक सरावते आणि बारीक गळती कामाचाच भाग वाटू लागते. दहा लाखांत तीनशे भागांच्या वर तो जिवावर बेततो आणि डोळ्यांना तर त्याआधीच अपाय करतो.

या कारखान्यांतले जोखमीचे एक काम म्हणजे तेल काढणे. कंप्रेसरचे तेल अमोनियाबरोबर वाहत जाऊन नळांच्या खोलगट भागात साचते आणि ते ठरावीक दिवसांनी काढावे लागते. कामगार बादली लावतो, पान्याने झडप उघडतो, काळे तेल पडू लागते. तेल संपले की त्याच वाटेने अमोनिया फुसकन बाहेर येतो. तोवर झडप बंद झाली पाहिजे. गंजलेली झडप अडकली किंवा माणूस एका क्षणासाठी बाजूला झाला, तर खोली भरते. हात सोडला की आपोआप बंद होणारी स्प्रिंगची झडप यावर पुरेशी आहे. ती प्रत्येक तेलवाटेवर बसवावी आणि हे काम एकट्याला देऊ नये. डोळे धुण्याचा नळ दहा पावलांच्या आत असावा. पाठीवरच्या सिलिंडरची दोन श्वसनयंत्रे खोलीच्या बाहेर टांगलेली असावीत. ती आत ठेवली, तर गळती झाल्यावर आणायला कोण जाणार?

छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजाही हवा. दुपारी खारा वारा वस्तीकडे वाहतो आणि रात्री मतलई समुद्राकडे. पळायची वाट वेळेप्रमाणे बदलते, हे शेजारच्या घरांनाही आधी सांगून ठेवावे.

संरक्षक साधनांबद्दल एक गैरसमज आम्हाला रोज भेटतो. हातमोजे, गमबूट आणि कापडी मास्क वाटले की सुरक्षा झाली, असे समजून फोटो काढले जातात. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. डबीचा मास्क ठरावीक वायूच अडवतो. अमोनियाला हिरव्या पट्ट्याची डबी लागते आणि तिलाही मुदत असते. मुख्य म्हणजे कुठलीही डबी ऑक्सिजन देत नाही. जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे सिलिंडरचे किंवा बाहेरून नळीने हवा पुरवणारे श्वसनयंत्रच चालते. ज्याला ते वापरायचे त्याला ते अंगावर घालून सराव दिलेला असावा. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा घट्ट बसत नाही, इतकी बारीक गोष्टही प्रशिक्षणात सांगावी लागते. हे प्रशिक्षण मराठीबरोबर हिंदी, नेपाळी आणि कन्नडमध्येही हवे. किनाऱ्यावरच्या नौकांवर परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत आणि खण धुवायला बहुतेकदा त्यांनाच उतरवले जाते.

उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण पट्टा, त्याला दोर आणि खणाच्या किंवा टाकीच्या तोंडावर तिपाई व हाताने फिरवायची गराडी असावी, म्हणजे आत न उतरता माणूस वर काढता येईल. तोंडाशी एक माणूस शेवटपर्यंत बसून असावा आणि त्याला दुसरे काम देऊ नये. तांडेलाने किंवा ठेकेदाराने मोजलेले आकडे, वेळ आणि सही एका कागदावर लिहावी. ही साधने बंदरावर, नगर परिषदेच्या अग्निशमन पथकाकडे आणि बर्फ कारखान्यांत असावीत. वेंगुर्ल्याच्या उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांना वायुबाधेच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यावे. अत्यवस्थ रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो आणि त्या वाटेवरचा वेळ आम्हाला चांगला माहीत आहे.

सेप्टिक टाकीबाबत तर मागणी करण्याचीही गरज पडू नये. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी गटारातील मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली आहे. ओला-सुका कचरा वेगळा करून बायोगॅस बनवणारे शहर म्हणून वेंगुर्ल्याचे नाव राज्यभर झाले. त्या शहरात खासगी टाक्या फक्त यंत्राने उपसल्या जाव्यात आणि हे बंधन मोडणाऱ्या ठेकेदाराचा परवाना रद्द व्हावा. बायोगॅस प्रकल्पावरच्या सफाई कामगारांनाही वायुमापक द्यावा.

आता कायद्याच्या फटीबद्दल. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतात. पाच-सहा माणसांवर चालणारा बर्फ कारखाना किंवा दोघांवर चालणारा टाकीसफाईचा धंदा त्यातून सुटतो. मात्र धोकादायक कामांसाठी ही संख्येची अट काढून टाकण्याचा अधिकार त्याच संहितेने केंद्र सरकारला दिला आहे. अमोनियावर चालणारे बर्फ कारखाने आणि मासळीच्या खणातली कामे त्या अधिसूचनेत यावीत, असा प्रस्ताव जिल्हा प्रशासनाने शासनाकडे पाठवावा. साधनांचा खर्च मजुरीतून कापू नये. मोजल्याशिवाय उतरायला जो नकार देईल त्याचा त्या दिवसाचा रोज बुडू नये आणि त्याला कामावरून काढू नये, हे मालकांनी लिहून द्यावे. या एका ओळीला आम्ही सर्व यंत्रांइतकेच महत्त्व देतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढल्या जातात, बर्फ कारखान्यांची दुरुस्ती निघते आणि खण झाकलेले राहतात. यंत्रे घ्यायला आणि माणसे शिकवायला हेच दोन महिने आहेत. तरी येत्या 31 मेपूर्वी आपण सर्वांनी आमच्या संघटनेसोबत एक बैठक घ्यावी आणि कोणते साधन कोण, कधी देणार, हे इतिवृत्तात नोंदवावे. 1 ऑगस्टला खण उघडतील तेव्हा बंदरावर वायुमापक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस हजर असला पाहिजे. तो नसेल तर आमचा एकही सभासद आत उतरणार नाही.

कळावे,
संघटनेचे सर्व सभासद, वेंगुर्ले