देवापुढे गुडघे, फारोपुढे ताठ मान

ख्रिस्ती उपासनेवर विदर्भात एक आक्षेप वारंवार घेतला जातो. गुडघे टेकायचे, स्वतःला पापी म्हणायचे, आमची लायकी नाही असे कबूल करून दया मागायची. ही लाचारीचीच शिकवण नव्हे काय? ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेर मान खाली घालून आयुष्ये काढली, त्यांनी चर्चमध्ये येऊन पुन्हा वाकावे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देऊन ज्यांना ताठ उभे केले, त्यांची नातवंडे हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे भोगलेला इतिहास असतो. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचाही इतिहास तोच आहे. म्हणून या प्रश्नाला भक्तिगीताने उत्तर देऊन भागणार नाही.

देवापुढे वाकणारा माणसापुढेही वाकतो, असे हा आक्षेप गृहीत धरतो. पवित्र शास्त्रात घडते ते नेमके उलटे. जळत्या झुडपापुढे मोशेने पायातली पायताणे काढली आणि तोंड झाकून घेतले. तोच मोशे पुढे फारोच्या दरबारात उभा राहिला आणि गुलामांची सुटका मागू लागला. यशया मंदिरात देवाचे वैभव पाहून हादरला, आपले ओठ अशुद्ध आहेत म्हणाला. पण त्याच प्रसंगाच्या शेवटी तो कामगिरीवर जायला पुढे झाला. ज्याने खरे सिंहासन पाहिले, त्याला पाटलाच्या ओट्याची भीती उरत नाही. जातीपुढे वाकवलेला माणूस वाकलेलाच राहावा अशी जातीची इच्छा असते. ख्रिस्ताचा देव वाकलेल्याला उठवतो आणि पाठवतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्याच मातीतले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर पत्रांतून निर्भीडपणे भांडल्या; गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह त्यांनी धरला. बिशपांच्या मतापुढेही त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली मुली आणि बाया पापकबुली देत रात्री जागवत होत्या. अश्रू देवापुढे, युक्तिवाद माणसांपुढे! या बाईला लाचार कोण म्हणेल?

आणि वाशीम. इंग्रजी अमदानीत बासीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात नाझरीन मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभारले. १९३६ साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी ते नावारूपाला आणण्यात आपले आयुष्य घातले. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची उपासना जो मनापासून करतो, त्याला रुग्णाची जखम धुताना कमीपणा वाटत नाही. नम्रतेची परीक्षा रविवारी होत नाही, सोमवारी होते.

मात्र याच कसोटीवर आपल्या मंडळ्यांनाही घासून पाहावे लागेल. प्रभुभोजनाच्या मेजापाशी पाळक, डॉक्टर आणि मजूर एकसारखाच रिकामा हात पुढे करतात. तिथून उठल्यावर सोयरीक जुळवताना जात विचारली, तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतात. काही ठिकाणी उपासनेच्या मधोमध पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते, पुढाऱ्यासाठी व्यासपीठावर वेगळी खुर्ची मांडली जाते. मला हे सहन होत नाही. देवाच्या वैभवाची वेळ माणसाच्या मोठेपणात वाटून टाकणे ही आक्षेपकाच्या टीकेपेक्षा मोठी हानी आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या पाळकांना आणि पंचमंडळांना माझी विनंती आहे: उपासनेतले सत्कार या रविवारपासून बंद करा, व्यासपीठावरच्या जादा खुर्च्या खाली उतरवा आणि आमदार आले तरी त्यांना बाकावर, शेतमजुराशेजारी बसवा.